दोनशे सत्याऐंशी मिलिमीटर

गेले चार दिवस शहरावर नुसतं आभाळ आहे. पाऊस म्हणावा असा नाही, ऊन तर नाहीच. नाशिकच्या द्वारका चौकात रिक्षावाले प्लॅस्टिकचे पडदे अर्धे सोडून बसतात, दुचाकीवाले रेनकोट घालावा की डिकीत ठेवावा या विचारात सिग्नलला थांबतात, आणि संध्याकाळी घरी कुणीतरी विचारतं, "दुतोंड्याच्या कुठपर्यंत आलं पाणी?" नाशिकच्या माणसाला पाऊस असा कळतो. गोदावरीच्या पात्रात उभ्या असलेल्या या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यावरून, कमरेवरून, छातीवरून. वर त्र्यंबकला किंवा धरणाच्या मागे काय कोसळलं, ते इथे पाणी येऊन सांगतं.

पण जिल्ह्याच्या पार पश्चिमेला, डोंगरांत, जो पाऊस पडतो त्यातला कितीतरी नाशिकला सांगायला येतच नाही. तिथल्या नद्या उलट्या बाजूला उतरतात, गुजरातेत जातात आणि समुद्राला मिळतात. तिकडे रात्रभर आभाळ कोसळलं तरी सकाळी रामकुंडावर त्याचा एक थेंब दिसत नाही. तिथे किती पडला, हे कुणीतरी मोजून सांगावं लागतं. आणि दुसऱ्या कुणीतरी ते खरं मानावं लागतं.

एका पावसाळ्यात ते मानण्याचं काम माझ्याकडे होतं.

दहा-बारा वर्षं झाली असतील. द्वारकेजवळच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमचं छोटं ऑफिस होतं. जिना नेहमी ओला, खाली टायरचं दुकान, खिडकीतून उड्डाणपुलाचा कठडा दिसायचा. उपग्रह वरून जो पाऊस सांगतो, तो जमिनीवर खरोखर तेवढा पडतो का, हे ताडून पाहायचा तो प्रकल्प होता. त्यासाठी डोंगरातल्या अकरा पाड्यांवर पर्जन्यमापकं बसवली होती. अगदी साधी. वर नरसाळं, आत बाटली, बाहेरून डबा. दिवसरात्र पडलेलं पाणी बाटलीत जमायचं. सकाळी साडेआठला ते वीस मिलिमीटरपर्यंत खुणा असलेल्या काचेच्या नळीत ओतायचं, रेघ वाचायची, पाणी टाकून द्यायचं आणि बाटली परत जागेवर ठेवायची. प्रत्येक पाड्यावर एका माणसाला हे शिकवलेलं होतं. तो मला फोन करायचा, मी आकडा संगणकात भरायची. शेजारच्या रकान्यात उपग्रहाचा आकडा यायचा. त्याच्यापुढे एक रकाना होता, 'शेरा'. तो बहुतेक रिकामाच असायचा.

मी मूळची चांदवडची. आमच्याकडे पत्र्यावर पाऊस वाजला तर माणसं टीव्हीचा आवाज बंद करून ऐकतात. लहानपणी मी वडिलांना दारात उभं राहून पश्चिमेकडे बघताना पाहिलं आहे. ढग डोंगरापर्यंत यायचे, तिथे जरा घोटाळायचे आणि पुढे निघून जायचे. पाच-सात मिलिमीटर पडला तरी घरात त्याची चर्चा दोन दिवस पुरायची. त्यामुळे त्या नोकरीत रोज सकाळी फोनवरून येणारे साठ, नव्वद, एकशे दहा असे आकडे भरताना मला आत कुठेतरी ते खोटे वाटायचे. एवढं पाणी एका दिवसात एकाच गावाला कसं मिळतं? हे मी कुणाला बोलले नाही. पण माझ्या मनाची मापं चांदवडची होती, आणि ती घेऊनच मी त्या खुर्चीत बसले होते.

सादडविहीरच्या पाड्यावर पाऊस मोजायचं काम धवळू भोये यांच्याकडे होतं. आश्रमशाळेत कामाठी म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले, किडकिडीत, डोक्यावर पांढरी टोपी. मे महिन्यात आम्ही शिकवायला गेलो तेव्हा सगळ्यांना नळीत पाणी ओतून रेघ वाचायला सांगितली होती. बाकीच्यांनी उभ्यानेच बघून आकडा सांगितला. धवळूकाकांनी नळी दगडावर ठेवली आणि ते गुडघे टेकून खाली बसले. डोळा पाण्याच्या बरोबरीला आणला, थोडा वेळ थांबले, मग म्हणाले, "अकरा नि चार." प्रकल्प चालवणाऱ्या आमच्या सरांनी खाली वाकून पाहिलं. अकरा पूर्णांक चारच होतं.

पाड्यावर मोबाईलला रेंज नव्हती. आकडा घेऊन ते मागचं टेकाड चढायचे आणि वरच्या एका खडकापाशी उभं राहून फोन लावायचे. वाऱ्यात अर्धे शब्द उडून जायचे.

"मॅडम, सादडविहीर. छत्तीस नि दोन. आज पाऊस बसून पडला."

"म्हणजे?"

"म्हंजे घाई नव्हती त्याला. रातभर बसला व्हता."

कधी पाऊस उभा पडायचा, कधी आडवा. एकदा म्हणाले, "आज नुसतं भिजवून गेला, पडला नाय." मी पहिल्यांदा हसले. मग हळूहळू शेऱ्याच्या रकान्यात ते लिहायला लागले. 'बसून.' 'उभा.' 'आडवा, वारा पश्चिमेचा.' सर एकदा मागे उभं राहून ते वाचून हसले होते. "राहू दे," म्हणाले, "छान आहे. पण अहवालात घेऊ नकोस."

त्या महिनाभरात सकाळचा तो फोन माझ्या दिवसाचा भाग झाला. साडेआठला दहा कमी असताना मी डबा टेबलावर ठेवायची, छत्री उघडून कोपऱ्यात वाळत घालायची आणि वाट पाहायची. दहा जण आकडा सांगून फोन ठेवून द्यायचे. धवळूकाका आकड्यानंतर एक वाक्य जास्त बोलायचे. त्या एका वाक्यात मला अख्खा पाडा दिसायचा. आवणी, म्हणजे भाताची लावणी, कुठवर आली, कुणाची गाय व्यायली, ओहोळ कसा वाहतो. मी न पाहिलेल्या माणसांबद्दल मला माहिती होत होती. त्यांचा थोरला भाऊ सोमा शेजारीच राहतो, दोघांचं शेत एकच, हे मला असंच कळलं. "दादा म्हणतो, आवंदा भात चांगलं," असं ते सांगायचे.

आषाढाच्या शेवटी एका सकाळी त्यांचा फोन आलाच नाही. पावणेनऊ झाले, नऊ झाले. बाकीच्या पाड्यांचे आकडे भरून झाले होते. सव्वानऊला फोन वाजला. ते धापा टाकत होते.

"मॅडम, सादडविहीर. दोनशे सत्याऐंशी."

मी दोन आणि आठ एवढं लिहिलं आणि थांबले. "अठ्ठावीस पॉइंट सात ना काका?"

"नाय. दोनशे. सत्याऐंशी. बाटली भरून डब्यात उतरलं व्हतं, ते बी घेतलं. नळी चौदा वेळा भरली, नि वर सात."

मी पटकन शेजारच्या रकान्यात पाहिलं. उपग्रहाचा आकडा होता एकतीस. बाजूच्या दोन पाड्यांचे फोन येऊन गेले होते, एकाचा चौपन्न, एकाचा सत्तर. जवळचं स्वयंचलित केंद्र डोंगराच्या पलीकडे होतं, तिथे एक्केचाळीस. आणि दोनशे सत्याऐंशी म्हणजे आमच्या चांदवडला चांगल्या वर्षी दोन महिन्यांत पडेल तेवढा पाऊस.

"काका, कालचं पाणी ओतायचं राहिलं असेल का?"

"काल वतलं. काल तुम्हाला बावीस सांगितले."

"मग एकदा परत मोजता का?"

मग ते म्हणाले, "वतलेलं पाणी परत कसं मोजू, मॅडम?"

त्यांच्या मागे कुणीतरी ओरडत होतं. एकाहून जास्त माणसं असावीत. कुणीतरी त्यांना हाक मारली, लांबून, खालून.

"मी जातो," ते म्हणाले. "आमच्याकडं जरा गडबड हाय."

फोन बंद झाला.

मी विचारलं नाही, कसली गडबड. हे मी आजवर अनेकदा स्वतःला सांगून पाहिलं आहे, की विचारायला वेळच नव्हता, फोन कापला गेला. तसं नव्हतं. विचारता आलं असतं, उलट फोन लावता आला असता. मला तेव्हा तो आकडा खुपत होता.

सर आले तेव्हा मी त्यांना दाखवलं. सर वाईट नव्हते, हे इथेच सांगायला हवं. त्यांनी मन लावून पाहिलं. "डोंगरात उपग्रह कमी सांगतो, हे खरं," ते म्हणाले. "पण नऊ-दहापट कमी? आणि जवळच्या केंद्रावर एक्केचाळीस?" त्यांनी कागदावर दोनशे सत्याऐंशी लिहिलं, मग आठ आणि सातच्या मध्ये पेनाने एक टिंब दिलं. "बघ. अठ्ठावीस पॉइंट सात. उपग्रह एकतीस सांगतो. किती सरळ आहे. म्हातारा माणूस आहे, टिंब विसरला असेल."

"ते म्हणाले, नळी चौदा वेळा भरली."

"पावसात, घाईत, कुणाच्या लक्षात राहतं?"

हे मला पटलं असं नाही. पण पटवून घेणं सोपं होतं. मी तो चौकोन आधी पिवळा केला, म्हणजे संशयास्पद. दुपारी पिवळा रंग काढून २८.७ लिहिलं. लिहिताना बोट क्षणभरही थांबलं नाही. महिनाअखेरीला आम्ही आलेख काढला, एका बाजूला जमिनीवरचा पाऊस, एका बाजूला उपग्रहाचा. ठिपके तिरप्या रेषेच्या जवळ आले की काम बरोबर झालं असं मानायचं. सादडविहीरचा त्या दिवसाचा ठिपका जवळजवळ रेषेवर बसला होता.

पुढचे नऊ दिवस त्यांचा फोन आला नाही. मी दोनदा लावला, लागला नाही. दहाव्या दिवशी सकाळी पावणेनऊला आवाज आला, "सादडविहीर. बासष्ट." आणि फोन बंद. दुसऱ्या दिवशी "चव्वेचाळीस." पाऊस बसून पडला की उभा, काही नाही. मला वाटलं, मी शंका घेतली म्हणून काका रुसले. मी त्यांना चुचकारायलाही गेले नाही. शेऱ्याचा रकाना त्या दिवसापासून शेवटपर्यंत रिकामा आहे. ती फाईल माझ्याकडे अजून आहे. कधी उघडली तर मला आकडे दिसत नाहीत, ती रिकामी पट्टीच दिसते.

गणपती उठल्यावर, उघडीप पडलेली असताना, धवळूकाका स्वतः ऑफिसात आले. पहाटेच्या एसटीने निघाले होते. टोपी हातात, काखेत कापडी पिशवी, चपला त्यांनी जिन्यातच काढल्या होत्या. मी पाणी दिलं. ते प्यायले आणि म्हणाले, "मॅडम, एक कागद पायजे व्हता."

"कसला?"

"त्या दिशीच्या पावसाचा. दोनशे सत्याऐंशीचा."

मग त्यांनी सांगितलं. फार कमी शब्दांत सांगितलं.

त्या रात्री पाऊस थांबलाच नव्हता. फटफटलं तेव्हा शेताच्या वरच्या अंगाचा बांध फुटायला आला होता. आवणी नुकतीच झालेली, बांध गेला असता तर सगळं रोप वाहून गेलं असतं. म्हणून सोमा बांधाला तोंड पाडून पाणी काढून द्यायला निघाला. घर आणि शेत यांच्यामध्ये एक ओहोळ आहे. एरवी त्यात घोटाएवढं पाणी. तो अर्ध्यात असताना वरून लोंढा आला. पाड्यावरची सगळी माणसं काठाकाठाने धावत गेली. सोमा तिसऱ्या दिवशी सापडला, खूप खाली, करंजाच्या मुळ्यांत अडकलेला.

"पंचनाम्याला माणूस आला तवर पाणी उतरलं व्हतं," काका म्हणाले. "तो ओहोळात उभा ऱ्हायला. बुटाच्या वर पाणी नाय. म्हणला, एवढ्याशा पाण्यात माणूस वाहतो? तेवढ्यात गर्दीतनं कुणी बोललं, सोमा पेतो. झालं. तेच लिव्हलं. दारूच्या नशेत पाय घसरून."

मग खाली बघत म्हणाले, "खोटं कशाला सांगू. पेत व्हता तो, आधी. पन दोन वरसं झाली व्हती सोडून. वहिनीनं सोडवली व्हती."

"मग तुम्ही त्यांना सांगितलं नाही?"

"सांगितलं की. म्हणलं, साहेब, दोनशे सत्याऐंशी पडला व्हता, म्या मोजला, नाशकाला लिव्हून ठेवलाय. तर म्हणले, कागद आणा."

सर आतल्या खोलीतून आले होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी काकांना बसायला सांगितलं, फाईल उघडली आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर २८.७ होतं.

काका खुर्चीतून उठले. वाकले. डोळा पडद्याच्या बरोबरीला आणला.

"हा कुणाचा?"

"तुमचाच, काका. सादडविहीरचा, त्या दिवसाचा."

"माझा नाय."

"दशांशाची चूक झाली असावी," सर मऊपणाने म्हणाले. "होतं असं. आजूबाजूला कुठेच एवढा पाऊस नव्हता."

"दशांश येतो मला, सर. रोज देत व्हतो." त्यांचा आवाज चढला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आरोप नव्हता त्यात. एवढंच होतं की फोन ज्या बाईने घेतला ती इथे बसली आहे, तर ती सांगेल.

मी कीबोर्डकडे बघत राहिले.

सर म्हणाले, नोंदीत जे आहे त्याहून वेगळं लिहून देता येत नाही, पण ते वाटल्यास पुन्हा तपासतील. काकांनी मान हलवली. पिशवीतून टॉवेलमध्ये गुंडाळलेली काचेची नळी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. "दुसरा कुणी बघा आता," म्हणाले.

मी त्यांच्याबरोबर खाली उतरले. टायरच्या दुकानाशेजारच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. चौकात नेहमीचा गोंधळ होता, ट्रक, हॉर्न, कुणीतरी बसमागे धावत होतं. मला काहीतरी बोलायला हवं होतं आणि मी नको तेच विचारलं. "काका, तुमचा भाऊ वाहून गेलेला, सगळे शोधत होते, आणि तुम्ही पाऊस मोजत बसलात?"

त्यांनी कप खाली ठेवला.

"मला वाटलं," ते म्हणाले, "पाणी किती आलं ते समजलं, तर तो कुठवर गेला असंल ते समजंल."

तेव्हाही मी सांगितलं नाही, की फाईलमध्ये ते टिंब देणारं बोट माझं होतं. बस आली, ते चढले, खिडकीतून हात केला की नाही मला दिसलं नाही.

सरांनी पुन्हा तपासायचं म्हटलं होतं, पण पुढच्या आठवड्यात दुसरी कामं आली. प्रकल्प संपला. अहवाल छापून आला तेव्हा कागद गुळगुळीत होता आणि मुखपृष्ठावर हिरव्यागार डोंगराचा फोटो होता.

मी अजून पावसाच्याच आकड्यांचं काम करते, दुसऱ्या ठिकाणी. मधल्या वर्षांत बरंच शिकले. उपग्रहाला खरं तर पाऊस दिसत नाही, ढगाचा माथा दिसतो. माथा उंच आणि थंडगार असेल तर तो खाली जोराचा पाऊस आहे असं धरतो. पण आपल्या सह्याद्रीत ढग उंच जातच नाहीत. ते डोंगराला घासून, बुटकेच राहून, तिथल्या तिथे सगळं रितं करतात. वरून पाहणाऱ्याला ते निरुपद्रवी दिसतात. आणि एका दरीत ओतलेला पाऊस शेजारच्या दरीला माहीतही नसतो. हे वाचलं त्या दिवशी मी ऑफिसातून लवकर घरी आले. कुणाला काही सांगितलं नाही. वडील चांदवडहून आलेले होते, ते म्हणाले, "बरं नाही का?" मी म्हटलं, डोकं दुखतंय.

आता कुठल्या केंद्रावरून विचित्र आकडा आला की मी आधी तिथल्या माणसाला फोन करते, आणि आकड्याचं काही बोलायच्या आधी विचारते, तिकडे सगळं ठीक आहे ना? बहुतेक वेळा ठीक असतं. माणसं गोंधळतात, म्हणतात, हो मॅडम, का? यामुळे माझं काही फिटतं असं मला वाटत नाही.

मागच्या पावसाळ्यात उपग्रहाचे जुने आकडे सुधारून पुन्हा दिले गेले. डोंगराळ भागाचा हिशोब नव्या पद्धतीने केला होता. कामासाठी मी ते उतरवून घेतले, आणि कामाचं सोडून आधी तो एक दिवस उघडला, नकाशावरचा सादडविहीरचा तो एक चौकोन. एकतीसच्या जागी एकशे अठ्ठ्याण्णव होतं. अजून कमीच. पण आजूबाजूच्या फिक्या चौकोनांत तो एकटा गडद लाल होता.

मी त्याचा रंगीत कागद काढला आणि दोन दिवसांनी रजा टाकून निघाले. बोरगावपर्यंत एसटी, पुढे जीप, शेवटी पायी. पाऊस होता, झिरझिरता, कपड्यांना न कळता भिजवणारा. ओहोळ आडवा आला. मी चपला हातात घेऊन पार केला. पाणी घोट्याच्या वर नव्हतं.

धवळूकाका ओसरीवर होते. म्हातारे झाले आहेत. एका कानाने ऐकू येत नाही. त्यांनी मला लगेच ओळखलं, "नाशकाच्या मॅडम," म्हणाले, आणि घोंगडी झटकून पसरली. मी कागद उलगडला. काय आहे ते समजावून सांगितलं.

"आमचं घर कुठं यात?"

मी लाल चौकोनावर बोट ठेवलं. त्यात त्यांचं घर होतं, तीन पाडे होते, दोन डोंगर होते.

"एवढ्या सगळ्याला एकच आकडा?"

"हो."

"आमच्या वरल्या आळीला नि खालल्या आळीला एक पाऊस नसतो." त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "किती म्हणतोय?"

"एकशे अठ्ठ्याण्णव."

"कमी हाय." मग म्हणाले, "पर कळाया लागलं म्हणायचं त्याला."

मग मी ते सांगितलं. अठ्ठावीस पॉइंट सात मी लिहिलं होतं. सरांनी सुचवलं, पण लिहिलं मी, आणि त्या दिवशी ऑफिसात गप्पही मीच बसले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "ठावं हाय," म्हणाले. "फोन तुम्हीच घेत व्हत्या ना."

एवढी वर्षं ते माहीत ठेवून हा माणूस इथे बसला होता. मला वाटलं होतं, सांगितल्यावर काहीतरी हलकं होईल. तसं काही झालं नाही. पागोळ्या गळत होत्या, आतून धुराचा वास येत होता.

तेवढ्यात सुकरीबाई शेतातून आल्या. सोमाची बायको. आवणी चालू होती, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले, डोक्यावरून प्लॅस्टिकचा कागद. काकांनी त्यांना मी कोण ते सांगितलं. त्यांचे हात चिखलाचे होते, म्हणून काकांनीच नकाशा त्यांच्यासमोर धरला. "त्या दिशीचा पाऊस, वहिनी. आता लिव्हून आलाय."

सुकरीबाई त्या लाल चौकोनाकडे बघत राहिल्या. त्यांना वाचता येत नाही, हे मला काकांनी नंतर सांगितलं. मग त्यांनी मला विचारलं, "यात लिव्हलं हाय का, की ते पेले नव्हते?"

"नाही," मी म्हणाले. "यात फक्त पाऊस आहे."

"मंग ते कुठं लिव्हत्यात?"

पंचनाम्याचा कागद कुठल्या कपाटात असेल, तो आता कोण उघडेल, उघडला तरी त्यातली एक ओळ खोडायला कुणाची सही लागेल, यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं. आकडा बदलता येतो. तो बदलणारी माणसं मी रोज पाहते, मी त्यांतलीच आहे.

सुकरीबाई ओसरीच्या कडेला टेकल्या. माझ्या उत्तराची वाट न बघता त्या बोलायला लागल्या, जणू ती सकाळ कुणाला तरी सांगायची राहून गेली होती. चूल पेटत नव्हती, लाकडं सगळी ओली. भाकर झालीच नाही. रात्रीची पेज होती, ती त्यांनी वाडग्यात ओतून दिली. थंडच. सोमा म्हणाला, असू दे.

"तोंडाजवळ तोंड व्हतं माझं," त्या म्हणाल्या. "वास आला असता तर म्या जाऊ दिलं नसतं. तेवढं लिहा कुठंतरी."

तेवढं कुठे लिहितात, हे मी परत आल्यावर दोन-तीन ठिकाणी विचारलं. कुणाला सांगता आलं नाही. म्हणून इथे लिहिते. मी तिथे नव्हते, मी काही पाहिलेलं नाही, आणि सुकरीबाईंच्या शब्दापलीकडे माझ्याकडे याचा कसलाही पुरावा नाही. त्या सकाळी सोमा भोये रात्रीची थंड पेज उभ्याउभ्या प्यायले. वाडगा त्यांनी स्वतः विसळून पालथा घातला. गोठ्यात वासरू थरथरत होतं, ते आत घ्यायला त्यांनी बायकोला सांगितलं. मग कुदळ खांद्यावर टाकली आणि पूर्ण शुद्धीत, नीट पावलं टाकत, ते शेताकडे गेले.